साठ काडतुसं

लेकीची, लोर्नाची गाडी सकाळी सहालाच फाटकाबाहेर पडली होती. वेल्डन ट्रॉसलने सावकाश कॉफी घेतली, अंडी खाल्ली, बशी विसळली आणि आठच्या सुमाराला गुडघा सांभाळत तो तळघराचा जिना उतरला. कालची आवराआवर तशीच राहिली होती.

आज डोंगरापलीकडे कॉफी रन नावाच्या दरीत जूनची नेमबाजीची स्पर्धा होती, हजार यार्डांवरची. बत्तीस वर्षांत वेल्डनने ती पहिल्यांदाच चुकवली. गुडघ्यात पाणी झालं होतं आणि पाय वर घेऊन बसायचा हुकूम होता. पण तो गेला नसला तरी त्याच्या हातचं सगळं गेलं होतं. रायफलीची नळी त्याने स्वतःच्या लेथवर कातून बसवलेली. दस्ता त्याने लेकीच्या गालाच्या मापाने तासलेला. आणि निळ्या डब्यातली साठ काडतुसं काल संध्याकाळी त्यानेच भरलेली.

त्या भागात म्हणायचे, वेल्डन काडतुसं भरायला बसला की भिंतीवरचं घड्याळसुद्धा दबकून चालतं. झाडून झालेली पितळी पुंगळी घ्यायची, घासूनपुसून परत मापात आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, काट्यावर तोलून दारू घालायची, वरून गोळी दाबायची. सांगायला एवढंच. पण दारूचा एक दाणा जास्त झाला तरी तो चिमट्याने उचलून बाजूला ठेवायचा. "हजार यार्डांवर लक्ष्याचा कागद खोटं बोलत नाही," असं म्हणायचा. चाळीस वर्षं कारखान्यात केसभरही फरक न ठेवता भाग कातलेला माणूस. त्याला हे काम म्हणजे जपमाळ होती.

आणि त्या कामाचा एक नियम होता. टेबलावर एका वेळी दारूची एकच बरणी. टेबलावरून उठायचं असेल, मग ते पाणी प्यायला का असेना, तर बरणी आधी फळीवर जायची.

वेल्डनने दिवा लावला. टेबलावर एक बरणी उभी होती. तिच्या पोटावर पिवळी पट्टी होती.

तो तसाच उभा राहिला.

लोर्नाच्या रायफलीची दारू निळ्या पट्टीच्या बरणीत असायची. संथ जळणारी, लांबच्या मोठ्या काडतुसाची. पिवळ्या बरणीतली छोट्या सरावाच्या रायफलीसाठी होती, भडकन पेटणारी. दोन्ही दिसायला सारख्याच. काळसर, पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तशा. पिवळीचे दाणे थोडे आखूड, बस्स, एवढाच फरक. पण ती दारू मोठ्या पुंगळीत भरली तर गोळी पुढे सरकायच्या आत नळीत दाब असा चढतो, की पोलाद फाटतं आणि नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागे येतो. बोल्टच्या मागे नेमबाजाचा गाल असतो.

छोट्या रायफलीला त्याने महिनाभर हात लावला नव्हता. मग ही बरणी खाली आली कशी?

त्याने झाकण काढलं, चिमूटभर दाणे पांढऱ्या कागदावर ओतले आणि खिडकीशी नेऊन भिंग धरलं. काही आखूड होते. काही लांब होते.

वेल्डन स्टुलावर बसला. आता गडबड करायची नाही, क्रमाने आठवायचं. काल त्याने चाळीस काडतुसं भरली, तेवढ्यात वर फोन वाजला. नियमाप्रमाणे त्याने निळी बरणी फळीवर ठेवली आणि तो वर गेला. फोन संपवून खाली आला. उरलेली वीस भरली. चाड्यात, म्हणजे दारू तोलून सोडणाऱ्या यंत्राच्या वरच्या नळकांड्यात, जी दारू उरली ती बरणीत परत ओतली. तीच चुकून पिवळीत गेली, आणि म्हणून सरमिसळ झाली. झालं ते वाईट, पण काडतुसं चांगली.

की तसं नाही? की वर जायच्या आधीच चाडं तळाला आलं होतं, आणि परत आल्यावर त्याने ते पिवळीतून भरलं? तसं असेल तर वीस भरून उरलेली मिसळ तेवढी परत बरणीत गेली, आणि ती वीस काडतुसं लोर्नाच्या डब्यात आहेत.

त्याने वही उघडली. पहिल्या चाळिसांसमोर बरणीचा रंग, तारीख, सही, सगळं होतं. त्याखाली नुसतं 'वीस'. पुढे काही नाही.

आठवत का नव्हतं? फोनवरचा शब्द न् शब्द आठवत होता. दवाखान्यातली मुलगी म्हणाली होती, "स्मृतीची तपासणी गुरुवारी दहा वाजता. सोबत घरचं कोणीतरी आणा, ट्रॉसल साहेब." तो म्हणाला होता, "हो, आणतो." लोर्नाला काही बोलला नव्हता. मार्चमध्ये बियाण्याच्या दुकानातून येताना रस्ता हरवून अर्धा तास तो गाडीत बसून राहिला होता, तेही बोलला नव्हता. फोन ठेवला, जिना उतरला, आणि पुढचा तासभर जणू कोणी फडक्याने पुसून टाकला होता.

शेवटची वीस डब्यात मागे असतील, असाही धीर धरता येत नव्हता. लोर्ना आदल्या रात्री एकेक काडतूस फिरवून सरळपणा तपासायची, आणि सगळ्यात सरळ असतील ती पुढच्या ओळीत लावायची. तिनेच गंमतीत म्हटलं होतं, "पॉप, शेवटी शेवटी तुझा हात जास्त बसतो. नंतरची सगळी सरळ निघतात."

घड्याळात आठ वीस झाले होते. लोर्ना दुसऱ्या फेरीत होती. दुसरी फेरी साडेनऊला.

त्याने तिला फोन लावला. कॉफी रनच्या दरीत मोबाईल चालत नाही, हे ठाऊक असूनही लावला. मग क्लबच्या खोलीतला फोन लावला. तो वाजत राहिला, वाजत राहिला, आणि अध्यक्षांचा ध्वनिमुद्रित आवाज आला, "आम्ही सगळे वर मैदानात आहोत. तुम्ही अजून घरी काय करताय?" त्याने निरोप ठेवला. तो संध्याकाळपर्यंत कोणी ऐकणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

पोलिसांना कळवावं असं मनात आलं. बोट आकड्यांवर गेलंही. काय सांगायचं? वेल्डन ट्रॉसलला काल काय केलं ते आठवत नाही? बातमी दुपारपर्यंत तीन तालुक्यांत होईल. त्याने फोन खाली ठेवला. लेकीचा चेहरा पणाला लागलेला असताना आपण आपल्या नावाचा विचार केला, हे त्याच्या मनाला पुढे कितीतरी दिवस कुरतडत राहिलं. त्या वेळी मात्र तो स्वतःला म्हणाला, पोलिसांपेक्षा मीच लवकर पोचेन. मग काठी घेतली आणि बाहेर पडला.

कॉफी रन घरापासून पन्नास मिनिटांवर. घाट चढायचा आणि उतरायचा. डावा गुडघा सुजलेला असला तरी गाडीला उजवा पाय पुरत होता. पहिली दहा मिनिटं रस्ता मोकळा मिळाला. मग पुढे लाकडाचे ओंडके लादलेला ट्रक आला, आणि घाटात त्याला ओलांडायला जागा नव्हती. ट्रक रांगत होता. वेल्डन चाकावर बोटं आपटत मागे रांगत होता, आणि मनात हिशेब चालू होता. चाड्यात किती मावतं? चाळीस भरल्यावर किती उरतं? त्याला स्वतःचा हात बरणी उचलताना दिसत होता, दाण्यांची धार पडताना दिसत होती. पण तो हात कालचा, की तीस वर्षांतल्या हजार संध्याकाळींपैकी कुठल्यातरी एकीचा? पट्टीचा रंग पाहायला गेलं की चित्र विरून जायचं.

घाटमाथ्यावर रस्त्याचं काम निघालं होतं. नारिंगी जाकीट घातलेला एक दाढीवाला हातात थांब्याची पाटी घेऊन मध्ये उभा होता. ट्रक सुटला आणि वेल्डनच्या पुढ्यात पाटी फिरली.

त्याने काच खाली केली. "मला जाऊ दे. माझी मुलगी तिकडे आहे."

"सगळ्यांचंच कोणीतरी तिकडे आहे, काका," दाढीवाला म्हणाला. "समोरून गाड्या सोडल्यात. सात-आठ मिनिटं."

"तिच्याकडे सदोष काडतुसं आहेत. मीच दिलीत. साडेनऊला ती झाडायला बसेल."

दाढीवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हातारा घामाने निथळत होता आणि पायात घरातल्या सपाता होत्या. वेल्डनला आत्ता कळलं, आपण बूट घालायला विसरलो.

"कॉफी रनला?" दाढीवाल्याने विचारलं. "माझा मेहुणा असतो तिथे." त्याने खांद्यावरचं यंत्र तोंडाशी नेलं. "जुनियर, तुझ्याकडच्या थांबव. एकाला सोडतोय. हो, आत्ताच. का ते नंतर विचार, बाबा." मग त्याने पाटी फिरवली. "डाव्या कडेने जा. उजवीकडे खडी सैल आहे. आणि काका, घाटात गाडी दामटू नका. तुम्ही खाली पोचलात तरच उपयोग."

वेल्डन मैदानाच्या वाटेला लागला तेव्हा गाडीच्या घड्याळात नऊ एकतीस झाले होते. अजून खाली चिंचोळी कच्ची वाट होती. काच उघडीच होती. झाडांमागून पहिला बार ऐकू आला, पाठोपाठ दुसरा, मग चार-पाच एकदम. अंदाज घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्यांना सहा मिनिटं असतात. मग थोडा विराम, आणि मग नोंदीच्या, म्हणजे स्पर्धेत मोजायच्या पाच गोळ्या.

एकेक बार तो कान देऊन ऐकत होता. नळी फाटते तेव्हा आवाज वेगळा येतो. त्याने आयुष्यात तो एकदाच ऐकला होता, दुसऱ्याच मैदानावर, आणि त्यानंतरची शांतता आवाजापेक्षा वाईट होती. त्या माणसाने पुढे रायफलीला हात लावला नाही. लावायला उजव्या हाताला बोटंही दोनच उरली होती.

गाडी त्याने वाटेतच सोडली, दार उघडं टाकून. पार्किंगपासून छपरापर्यंत शंभर पावलं चढ होता. काठी टेकत, पाय ओढत तो निघाला. लांबलचक पत्र्याखाली सिमेंटची दहा टेबलं, दहा पाठमोरे नेमबाज, कानांवर टोपणं. सातव्या टेबलावर लोर्नाची तपकिरी वेणी.

भोंग्यातून आवाज आला, "नोंदीची फेरी. भरा. सुरू करा."

"थांबवा!" वेल्डन ओरडला. "गोळीबार थांबवा!" नियमाने हे कोणीही ओरडू शकतो. पण त्याचा आवाज वर पोचला नाही. छपराखाली बारांचा गडगडाट सुरू झाला होता, आणि कान सगळ्यांचेच झाकलेले.

लोर्नाला भराभर झाडायला त्यानेच शिकवलं होतं. वारा वळायच्या आत पाचही गोळ्या अर्ध्या मिनिटात सोडायच्या. तिचा खांदा हलला. बोल्ट मागे, नवं काडतूस, बोल्ट पुढे. खांदा पुन्हा हलला. वेल्डन चढावर होता. तिसऱ्यांदा हलला तेव्हा तो भोंग्याशी बसलेल्या मर्नाच्या खुर्चीपाशी पोचला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

मर्ना हॉकेनबेरी मैदानाची प्रमुख. साठी उलटलेली, दणकट, शाळेच्या बसगाड्यांवर पंचवीस वर्षं हुकूम चालवलेली बाई. तिचं मनगट फेरी चालू असताना आजवर कोणी धरलं नव्हतं.

"वेल्डन? अरे, सपाता..."

"थांबव. लोर्नाची काडतुसं. मर्ना, थांबव!"

तिने का म्हणून विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भोंग्याचं लाल बटण दाबलं. भोंगा लांबलचक वाजला. "गोळीबार बंद! बोल्ट उघडा! टेबलांपासून मागे व्हा! सगळे, आत्ता!"

लोर्नाचं बोट चापावर होतं. तिने ते काढलं, बोल्ट उघडला, चौथं काडतूस बाहेर काढून ठेवलं आणि मागे वळली. बापाला पाहून ती आधी हसली. मग हसू मावळलं.

सगळे गोळा झाले. वेल्डनने सगळ्यांसमोर, दम खात, आडपडदा न ठेवता सांगितलं. टेबलावर पिवळी बरणी निघाली, तिच्यात सरमिसळ आहे, शेवटची वीस कशातून भरली ते मला आठवत नाही.

"आठवत नाही म्हणजे?" लोर्नाने विचारलं. "पॉप, तू तर वहीत लिहितोस."

"लिहिलं नाही."

लोर्नाने स्वतःच्या गालाला हात लावला, जिथे दस्ता टेकतो तिथे. "मी आत्ता आठ झाडल्या त्यातल्या," ती हळू म्हणाली. "अंदाजाच्या पाच आणि या तीन."

तेवढ्यात चौथ्या टेबलावरून डेल क्रायडर आला. पन्नाशीचा, लालबुंद मानेचा, दुधाच्या टँकरवर चालक असलेला माणूस. बारा वर्षं तो या मैदानावर येत होता आणि बारा वर्षं वेल्डनच्या रायफलीकडून हरत होता. त्याने अंगठ्याने दुर्बिणीकडे खूण केली.

"माझ्या चार बसल्यात," तो म्हणाला. "चारही तीन इंचांत. मी आयुष्यात असं झाडलं नव्हतं. पाचवी नळीत होती, वेल्डन. वारा झोपला होता. पाचवी नळीत होती!"

"मला माहीत आहे, डेल."

"तुला काय माहीत आहे! तुला काल काय केलंस ते माहीत नाही!"

मर्नाने घसा खाकरला. "फेरी रद्द. नवे कागद लावून शेवटी पुन्हा होईल. नियम नियम आहे, डेल." मग ती वेल्डनकडे वळली. "आणि ती काडतुसं इथून अख्खी जाणार नाहीत. सगळी उघडायची. प्रेस कोणाकडे आहे?"

बरेच जण तिथेच गाडीच्या पाठीमागे काडतुसं भरत, त्यामुळे गोळी दाबायची आणि उपसायची ती दांड्याची प्रेस तिघा-चौघांकडे होती. पण जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. दोन मिनिटांनी डेलच निमूट आपल्या गाडीकडे गेला आणि प्रेस घेऊन आला. झाडाखालच्या लाकडी टेबलाला ती त्याने इतक्या जोरात आवळली की फळी कुरकुरली.

बावन्न काडतुसं उरली होती. लोर्ना एकेक देई, डेल दांडा ओढून गोळी उपसून काढी, आणि दारू पांढऱ्या बशीत ओती. वेल्डन भिंगातून पाही आणि दाण्यांची लांबी मापकाने घेई. वर मैदानावर तिसरी फेरी सुरू झाली होती. प्रत्येक बाराला लोर्ना दचकत होती. एरवी ती बारांच्या आवाजात झोपूही शकायची.

पहिलं ठीक. दुसरं ठीक. पाचवं ठीक. बशीतले सगळे दाणे लांब, एकसारखे, निळ्या बरणीतले. दहाव्यापर्यंत वेल्डन प्रत्येक बशी दोनदा पाहत होता. एखादा आखूड दाणा दिसेल आणि आपण लेकीच्या हातात काय दिलं होतं ते कळेल, या भीतीने. विसाव्यानंतरही तो दोनदाच पाहत होता, पण कारण बदललं होतं, आणि ते त्याचं त्याला कळलं. तो आखूड दाण्याची वाट पाहू लागला होता. एक सापडू दे. एक सापडलं, तर मी फेरी उगाच नाही थांबवली. मग मी म्हातारा वेडा नाही.

त्याने भिंग खाली ठेवलं.

"काय झालं?" डेलने विचारलं.

"काही नाही. डोळे दुखले."

"मी पाहू का?"

"नको. दे पुढचं."

तिसावं ठीक. चाळिसावं ठीक. येणारेजाणारे टेबलापाशी थांबायचे, पाहायचे, आणि काही न बोलता सूप घ्यायला जायचे. एकजण म्हणालाच, "काय वेल्डन, सापडला का तुझा उंदीर?" लोर्नाने मान वर करून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो वाडगा घेऊन चालता झाला.

बावन्नावं डेलने स्वतःच बशीत ओतलं, स्वतःच भिंग घेऊन पाहिलं, आणि बशी वेल्डनकडे सरकवली. ठीक.

म्हणजे आधी काडतुसं भरून झाली होती, आणि चूक नंतर, उरलेली दारू ओतताना झाली होती. चाडं भरलेलं होतं. वीसही चांगली होती, साठही चांगली होती. डोंगर पोखरला आणि उंदीरही निघाला नाही.

मर्नाने नोंदवही आणली. तिने लिहिलं होतं, 'दुसरी फेरी थांबवली. कारण, काडतुसांबद्दल शंका. तपासलं. काही सापडलं नाही.' खाली सहीसाठी रेघ.

"इथे सही कर," ती म्हणाली. आणि तो सही करत असताना पुढे म्हणाली, "पुन्हा असं वाटलं तर पुन्हा मनगट धर. फक्त सावकाश. नख लागलं मला."

दुपारी दुसरी फेरी पुन्हा झाली. लोर्नाकडे झाडायला काही उरलं नव्हतं. ती आणि वेल्डन मागच्या बाकावर बसून होते. दरीत वारा उठला होता आणि निशाणं दोन दिशांना फडफडत होती. डेलचा कागद आला, पाच गोळ्या अकरा इंचांत. तो कागद त्याने घडी घालून खिशात टाकला, सामान गाडीत भरलं, आणि जाता जाता बाकापाशी थांबला.

"मी तुझ्यावर चिडलोय," तो वेल्डनला म्हणाला. "उगाच गोड बोलणार नाही. हिवाळ्यापर्यंत चिडलेला राहीन बहुतेक."

"राहा. हक्क आहे तुझा."

डेल हातातल्या किल्ल्या वाजवत उभा राहिला. "मागच्या साली माझ्याही एका काडतुसात दारू जास्त झाली होती. बोल्ट उघडेना. मी कोणाला बोललो नाही. हातोडीने उघडला आणि पुढचं झाडलं." त्याने लोर्नाकडे पाहिलं. "तू गाडी चालवशील ना? याला चालवू देऊ नकोस."

लोर्नाने बापाची गाडी क्लबच्या आवारात लावून ठेवली आणि त्याला आपल्या गाडीत बसवलं. गाडी घाटमाथ्यावर आली. पाटीवाला आता तिथे नव्हता.

"काल फोन कोणाचा होता?" तिने विचारलं.

"दवाखान्याचा. गुडघ्याचं."

"पॉप."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग सगळं सांगितलं. गुरुवारचं, तपासणीचं, मार्चमध्ये रस्ता हरवल्याचं. सांगून झाल्यावर म्हणाला, "कशासाठी सांगायचं? तू रायफल घेऊन बसलीस की तुझ्या डोक्यात दुसरं काही नको असतं."

"माझ्या डोक्यात काय असतं माहीत आहे?" लोर्नाचा आवाज चिरकला. "की पॉपने भरलंय. एवढंच. बाकी काही बघायची गरज नाही. मी त्या काडतुसांकडे बघतसुद्धा नाही रे. सरळ आहे का तेवढं बघते आणि गाल टेकवते."

पुढच्या वळणानंतर ती म्हणाली, "गुरुवारी मी सुट्टी टाकते."

"गरज नाही."

"त्यांनी घरचं कोणीतरी आणा म्हटलंय ना? मग मी घरची आहे."

घरी पोचल्यावर दोघं तळघरात उतरली. पिवळी बरणी टेबलावर तशीच होती. सरमिसळ झालेली दारू ठेवायची नसते, त्याबद्दल दुमत नव्हतं. लोर्नाने ती अंगणात नेली आणि हिरवळीवर लांब लांब फेकत पातळ पसरली. जमिनीत मुरली की ती खताचं काम करते; वेल्डन कुचकामी दारू नेहमी तिथेच टाकायचा. तो पायरीवर बसून पाहत होता.

मग ती पुन्हा खाली गेली आणि निळी बरणी घेऊन आली. जवळजवळ भरलेली होती. ती दारू दीड वर्ष बाजारात मिळत नव्हती. वेल्डनने ती तीन ठिकाणी नाव नोंदवून, वाट पाहून मिळवली होती. कारखान्याच्या त्याच खेपेतली, त्याच मापाची दुसरी आता सापडणं कठीण होतं. उन्हाळ्यातल्या आणखी दोन स्पर्धा तिच्यावर काढायच्या होत्या.

"ही चांगली आहे ना?" लोर्नाने विचारलं. "आजची साठ तिच्यातलीच होती. सगळी नीट निघाली."

"चांगली आहे."

"नंतर हिच्यात काही गेलं नसेल?"

"नाही. ती फळीवर होती. मी हात लावला नाही."

"नक्की?"

वेल्डनने तोंड उघडलं. आयुष्यभर या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते जिभेवर आलंही. त्याने फळी आठवली, बरणी आठवली, निळी पट्टी आठवली. काल रात्री दिवा मालवताना ती फळीवर होती, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पिवळी फळीवर होती, हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं.

"भिंगातून बघू या का थोडी?" ती म्हणाली.

"वरची बघशील. तळाची कोण बघणार?" त्याने काठी दोन्ही हातांत घट्ट धरली. "ओत."

"अख्खी?"

"अख्खी. मी बघत बसतो."

लोर्नाने झाकण फिरवलं. पहिली मूठ हिरवळीवर फेकताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. वेल्डन तिला अडवत नव्हता. दाणे गवतात पडताना पावसाच्या बारीक सरीसारखा आवाज येत होता. बरणी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. झाल्यावर तिने नळ उघडून बरणी धुतली, त्याच्याशेजारी पायरीवर उपडी ठेवली आणि बसली.

"गुरुवारी दहाला म्हणालास ना?" तिने विचारलं.

"दहाला," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तू लिहून ठेव."